नळ बदलून मिळाला

३० जून २०२५ ला, सोमवारी, आम्ही मीरा रोडला राहायला आलो. संध्याकाळपर्यंत सगळी खोकी वर चढली आणि रात्री परभणीहून आईनं फोनवर सांगितलं तसं नव्या शेगडीवर दूध उतू घातलं. स्टेशनच्या पूर्वेला वन बीएचके, अकरा महिन्यांचा करार. आदल्याच दिवशी राज्य सरकारनं पहिलीपासूनच्या हिंदीचे दोन्ही जीआर मागे घेतले होते, एप्रिलचा आणि जूनचा. खोकी फोडता फोडता मी तेच ऐकत होतो. एका हातात कटर, दुसऱ्या हातात फोन.

पुढचे आठ-दहा दिवस असेच गेले. पडद्याचे रॉड, गॅसची नळी, वायफायवाल्याची वाट बघणं आणि मधल्या प्रत्येक रिकाम्या मिनिटाला बातम्या. त्यात मीरा रोडच बातम्यांत आलं. जूनच्या अखेरीस इथल्या एका मिठाईच्या दुकानदाराला मनसेच्या कार्यकर्त्यांनी थपडा मारल्या. मराठी बोला म्हटल्यावर त्यानं का म्हणून विचारलं, हे निमित्त. व्हिडिओ देशभर फिरला. मला तो बंगलोरच्या एका सहकाऱ्यानं पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘तू इथेच शिफ्ट झालास ना?’ मी अजून दूध कुठं मिळतं ते शोधत होतो आणि माझ्या नव्या गावाची ओळख मला बंगलोरहून होत होती.

३ जुलैला व्यापाऱ्यांनी निषेध म्हणून दुकानं बंद ठेवली. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, मी जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून सिंकचा नळ आणला होता. ‘भैया, सिंक का नल दिखाना,’ असं म्हणून. साडेचारशे रुपये. बिल घेतलं, कुठं ठेवलं कोण जाणे. घरी येऊन यूट्यूबवर बघून स्वतःच बसवायला गेलो, टेफ्लॉन टेप न लावता, तिरका. तिरका लागलाय हे कळल्यावरही पान्यानं जोर लावत राहिलो. आटे गेले. नळ गळायला लागला. इंजिनियरिंगला वर्कशॉप नावाचा विषय होता आणि मी त्यात पास झालो होतो, हे इथं मुद्दाम सांगतो.

शनिवारी, ५ जुलैला, तो नळ घेऊन मी परत दुकानात गेलो. त्या दिवशी वरळीला उद्धव आणि राज ठाकरे कित्येक वर्षांनी एका व्यासपीठावर आले होते आणि सभेचं लाईव्ह माझ्या फोनवर चालू होतं. दुकानात शिरताना मी आवाज कमी केला नाही. या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहितोय, त्यामुळे परत सांगतो. आवाज कमी करावा असं मनात आलं होतं. केला नाही.

नळ काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, ‘हा खराब निघाला. बदलून द्या.’ मराठीत. बुधवारी जी भाषा मला सुचली नव्हती ती शनिवारी मोठ्यानं सुचली. त्या माणसानं आधी फोनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. नळ उलटा करून बघितलासुद्धा नाही. आटे कसे गेलेत हे नळ विकणाऱ्या माणसाला एका नजरेत कळलं असतं. ‘हो साहेब, देतो ना, बसा,’ म्हणाला. त्याचं मराठी आखूड होतं, पण होतं. बिल मागितलं नाही. नवीन नळ दिला, वर टेफ्लॉन टेपचं एक रीळ ठेवलं. त्याचे पैसे विचारले तर हात जोडले.

घरी येताना मला छान वाटत होतं.

बायकोनं विचारलं, ‘बिल सापडलं का?’ नाही म्हटलं. ‘मग कसा काय दिला?’ मी झालेलं सांगितलं, जरा रंगवून. ती भांडी लावत होती. म्हणाली, ‘पण आटे तर तूच घालवलेस ना?’

तेव्हापासून हा प्रश्न माझ्याकडं आहे. मी नेमकं काय केलं? चोरी नाही केली. धमकी नाही दिली. एक शब्दही वावगा बोललो नाही; माझ्याच राज्यात माझ्याच भाषेत बोललो, ज्याचा मला पूर्ण हक्क आहे. कुठलंही कलम मला लागू होत नाही. तरी साडेचारशे रुपयांचा नळ मला ज्यामुळे मिळाला ती गोष्ट नळाचा दोष नव्हती. ती भीती होती. आणि ती भीती मी तयार केलेली नव्हती. थप्पड दुसऱ्यानं मारली, वसुली मी केली.

मला वाटतं, राजकारणातली हिंसा अशीच गल्लीत उतरते. मारणारे दहा-पंधरा असतात. ते टीव्हीवर दिसतात, त्यांच्यावर गुन्हे दाखल होतात, आपण त्यांच्यावर मतं मांडतो. पण त्यांच्या मागून आपण येतो, सभ्य, शिकलेले, हात न उचलणारे. आपल्या वाट्याला फक्त थोडी जास्त नम्र सेवा येते. आपण ती घेतो आणि वर म्हणतो की मारहाणीचं समर्थन नाही हं.

आता यावर लगेच येणारं उत्तर मला माहीत आहे, कारण मी ते स्वतःला दिलेलं आहे. तक्रार खोटी नाही. घर शोधत असताना एका एजंटनं माझं आडनाव ऐकून पहिला प्रश्न विचारला होता, ‘नॉनव्हेज खाते हो?’ आणि मग दोन बिल्डिंगा यादीतून गेल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली गेल्याचा व्हिडिओ आला होता, तो बघताना माझ्या हाताच्या मुठी वळल्या होत्या. ८ जुलैला मीरा रोडला मराठी लोकांचा मोर्चा निघायचा होता. पोलिसांनी परवानगी नाकारली. सरकारचं म्हणणं मार्गावरून वाद होता. लोकांचं म्हणणं, मग व्यापाऱ्यांना रस्त्यावर कसं येऊ दिलं? मनसेच्या अविनाश जाधवांना पहाटेच ताब्यात घेतलं. तरी लोक आले. त्या दिवशी मी वर्क फ्रॉम होम टाकलं आणि खाली उतरलो. गर्दीत माझ्यासारखे पुष्कळ होते, बॅगेत लॅपटॉप असलेले. सत्तेतलेच मंत्री प्रताप सरनाईक मोर्चात आले तेव्हा लोकांनी त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या. दोन-चार घोषणा मीही दिल्या. त्याची मला आजही लाज वाटत नाही. सरकारला, पोलिसांना, मंत्र्याला ओरडून जाब विचारणं आणि काउंटरमागच्या माणसाचे खांदे आक्रसलेले बघून खूश होणं, यांत भाषा एकच असली तरी ती दोन वेगळी कामं आहेत. अडचण एवढीच की माझ्या अंगात ती तीन दिवसांच्या अंतरानं झाली आणि दोन्ही वेळी छाती सारखीच फुगली होती.

बरं, मी कुठला मराठीचा रखवालदार? पुण्याला कॉलेजात पहिल्या वर्षी मी ‘जेवायलो’ म्हटलं की होस्टेलची पोरं हसायची. ‘मी जेवतोय’ म्हण, अशी दुरुस्ती व्हायची. ‘काय करायलास’ तोंडातून जायला मला दोन वर्षं लागली आणि सुट्टीत परभणीला गेल्यावर आई म्हणाली, पुण्याचा झालास. तोच मी, मीरा रोडला येऊन पाचव्या दिवशी अधिकृत मराठी माणूस. कुणी ओळखपत्र मागितलं नाही.

आमच्या घरात भाषेच्या सक्तीची एक गोष्ट आहे, ती खरं तर मला आधी आठवायला हवी होती. आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, तोवर मराठवाड्यात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतच होतं. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. म्हणजे राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे बहुसंख्य आणि नोकरी-कचेरीची भाषा तिसरीच. आजोबांना याचा राग होता. निजामाचं नाव ते शिवीसारखं घ्यायचे. आणि घरखर्चाची वही शेवटपर्यंत उर्दूत लिहायचे. उजवीकडून डावीकडं, झरझर. लहानपणी मी विचारलं होतं की तुम्हाला उर्दू आवडत नाही ना, मग? ते म्हणाले, उर्दूनं माझं काय केलंय?

हे वाक्य मी फार वर्षं विनोद म्हणून सांगत आलो. आता मला त्यातला भेद दिसतो. सक्ती करणारं राज्य एक, भाषा दुसरी, आणि ती भाषा बोलणारा शेजारचा माणूस तिसराच. आजोबांचा राग पहिल्यावर होता आणि तो तिथंच राहिला. माझा राग सुरू पहिल्यावर झाला, जीआर काढणाऱ्या सरकारवर, पण वसूल झाला तिसऱ्यावर, जो नळ विकत होता. सरकार आपल्या हाताला लागत नाही, दुकानदार लागतो.

इमॅन्युएल कांटनं १७९५ मध्ये चिरंतन शांततेवर एक छोटा निबंध लिहिला. त्यात परक्या माणसाच्या हक्काबद्दल एक मुद्दा आहे. कांट म्हणतो, पृथ्वी गोल आहे, म्हणून माणसं अनंत पसरत जाऊ शकत नाहीत. कधी ना कधी एकमेकांशेजारी येणारच. मुळात कुठल्याही जागेवर कुणाचाच इतरांपेक्षा जास्त हक्क नाही. म्हणून परक्या ठिकाणी आलेला माणूस जोवर शांतपणे वागतोय तोवर त्याला शत्रूसारखं वागवता येत नाही. पाहुणा म्हणून पोसण्याचं बंधन नाही, पण वैर नाही. गंमत म्हणजे हे लिहिणारा माणूस जन्मभर आपल्या कोनिग्सबर्गच्या परिसराबाहेर जवळपास पडलाच नाही.

आपल्याकडं तर प्रश्न परक्या देशाचाही नाही. संविधानाच्या कलम १९ नं मला परभणीहून आणि त्या दुकानदाराला जिथून कुठून तो आला तिथून, मीरा रोडला येऊन राहण्याचा एकच हक्क दिलाय. त्याच भागात कलम २९ आहे, आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा हक्क. लोक एक कलम दुसऱ्याच्या डोक्यात घालतात. मला वाटतं, ती दोन्ही एकाच घरातली आहेत. येणाऱ्यानं इथली भाषा शिकावी, ही अपेक्षा मला रास्त वाटते. पंचवीस वर्षं राहून ‘किती झाले’ म्हणता न येणं हा मी आळसच समजतो, आणि थोडा उद्धटपणाही. पण अपेक्षा ठेवायला आधी शेजारी असावं लागतं. मी पाच दिवसांचा होतो.

शेजारी म्हणजे काय हे मला समोरच्या बेननी दाखवलं. त्या भावनगरच्या, इथं चोवीस वर्षं. पहिल्या दिवशी आमच्या नळाला पाणी नव्हतं तेव्हा दोन कळश्या त्यांनी न विचारता दारात ठेवल्या. या शहराचं स्वतःचं धरण नाही, पाणी स्टेम आणि एमआयडीसीकडून येतं, म्हणून ते कधी जातं आणि गेल्यावर सेक्रेटरीला किती वाजता गाठायचं, हे सगळं मला त्यांनी समजावलं, गुजराती-हिंदी-मराठीच्या मिश्रणात. त्या आठवड्यात फोन मला रोज सांगत होता की त्या बाहेरच्या आणि मी इथला.

फोन असं का सांगतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मी एका कंपनीत नोटिफिकेशनच्या सिस्टिमवर काम करतो. एका बातमीच्या दोन ओळी तयार होतात, निम्म्या लोकांना एक जाते, निम्म्यांना दुसरी. जिच्यावर जास्त बोटं पडतात ती पुढं सगळ्यांना. कुठली ओळ जिंकते ते सांगायची गरज नाही. त्या टेबलात वेळ, शहर, फोनचं मॉडेल, सगळ्याचे कॉलम आहेत. ओळ वाचून माणूस खाली जाऊन शेजाऱ्याशी कसा वागला, याचा कॉलम नाही. हे मला माहीत असून मी शनिवारी तसाच वागलो. माहिती असण्याचा उपयोग आपण समजतो तेवढा नसतो.

आणि मग उत्तनच्या मावशी. त्या आमच्या कोपऱ्यावर मासे घेऊन बसतात. परभणीच्या माणसाला समुद्राचे मासे कळत नाहीत, मी मांदेलीला बोंबील म्हणालो, त्या हसल्या आणि काहीतरी म्हणाल्या. मला कळलं नाही. मी मराठीत उत्तर दिलं, ते त्यांना नीट कळलं नाही. शेवटी भाव हिंदीत ठरला! दोन मराठी माणसं, मीरा रोड, जुलै २०२५. मीरा रोडच्या टोलेजंग नावांच्या बिल्डिंगा उठायच्या आधी इथं खाडी, मिठागरं, भातशेती आणि गावं होती. पेणकरपाडा, नवघर, गोडदेव, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन. आगरी, कोळी, ईस्ट इंडियन लोकांची. त्यांची मराठी ना मंत्रालयाची, ना पुण्याची, ना माझी. ‘इथला’ हा शब्द कुणाला लागू करायचाच असेल तर तो मावशींना लागतो. माझा नंबर बेनच्याही बराच मागं आहे.

त्यांच्याकडूनच मला डोंगरीचं कळलं. दहिसर-भाईंदर मेट्रोची कारशेड आधी राई-मुर्ध्याकडं व्हायची होती. तिथल्या गावकऱ्यांनी विरोध केला, मग ती डोंगरीला हलवली. तिथं बारा हजारांहून जास्त झाडं जाणार, म्हणून डोंगरी-उत्तनचे लोक विरोध करत होते. मी बातम्यांत चोवीस तास बुडालेला माणूस, आणि हे माझ्या फोनवर एकदाही आलं नव्हतं. ती मेट्रो मला हवी आहे. हे घर घेताना एजंटनं खिडकीतून तिचे खांब दाखवले होते आणि मी भाड्यात दोन हजार जास्त कबूल केले होते. म्हणजे माझ्या सोयीचा हिशोब डोंगरीच्या कुणाच्या तरी डोंगरावर फाटणार आहे. माझं कोण काय देणं लागतं हे मला त्या महिन्यात तोंडपाठ होतं. मी कुणाचं काय देणं लागतो, हे मासे घेताना कळलं.

यंदा १५ जानेवारीला महापालिकेची निवडणूक झाली. आधीची २०१७ मध्ये झाली होती. २०२२ ला मुदत संपल्यापासून नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. म्हणजे आम्ही सगळे भाषेवरून रस्त्यावर होतो तेव्हा या गावात गटार तुंबलं तर लोकांनी निवडून दिलेला एक माणूस नव्हता. भाजपला स्पष्ट बहुमत मिळालं. बेननी लिफ्टमध्ये शाई लावलेलं बोट दाखवलं आणि विचारलं, ‘तमे?’ माझं नाव परभणीच्या यादीत. पत्ता बदलायचा फॉर्म ८ ऑनलाइन भरता येतो, दहा मिनिटांचं काम, मी सहा महिने उद्यावर ढकललं. त्याच दिवशी परभणीतही मतदान होतं, तिकडंही गेलो नाही. भूमीवरचा हक्क मी हार्डवेअरच्या दुकानात बजावला होता, मतदान केंद्रात नाही.

दुकानात परत जाऊन साडेचारशे रुपये देऊन यावेत असं बऱ्याचदा ठरवलं. काय म्हणून देणार, हे जमत नाही. ‘आटे माझ्याकडूनच गेले होते’ म्हणायचं? तो पुन्हा घाबरेल, यात काय डाव आहे म्हणून. की तो विसरला असेल आणि मी माझ्या मनाच्या स्वच्छतेसाठी त्याला ते सगळं आठवून देणार? दोन्ही कारणं खरी आहेत आणि दोन्ही मला सोयीची आहेत. दरम्यान मी स्क्रू आणि बल्ब स्टेशनजवळून आणतो. पंधरा मिनिटं जास्त चालावं लागतं.

फेब्रुवारीत आई आली. पडद्याचा एक रॉड सैल झाला होता. मी ऑफिसात असताना ती स्वतःच खाली गेली आणि त्याच दुकानातून खिळे आणि हातोडी घेऊन आली. तिचं हिंदी परभणीचं, ‘हौ’ आणि ‘नक्को’वालं, त्या माणसाचं मराठी आखूड, दोघांचं जमलं म्हणे. संध्याकाळी मला सांगायला लागली, बरा माणूस आहे, कुठल्या गावच्या विचारलं, परभणी म्हटलं तर त्याचा मेहुणा नांदेडला आहे, गुरुद्वाऱ्याजवळ. खिळे दोन जास्तच दिले.

‘तू नाही गेलास का कधी त्याच्याकडं?’ तिनं विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो.